वरची तान

३ मार्च, मंगळवार

महाराणींचा, म्हणजे आमच्या थोर गायिकाबाईंचा, अल्बम पुन्हा येतोय. चाळीस वर्षं झाली म्हणे. वेष्टन नवीन, नखरा जुनाच. मुलीने फोनवर चित्र पाठवलं — तोच चंदेरी झगा, खांद्यांत उशा शिवल्यासारखे फुगे, आणि चेहऱ्यावर जगावर उपकार केल्याचा भाव. ‘विजेचा झगा’. नाव तरी बघा!

खाली मुलीने लिहिलंय, ‘आई, आता तरी बोल.’

बोलणार. चाळीस वर्षं मूग गिळून बसले. आता ते पचत नाहीत.

४ मार्च, बुधवार

एकदा सगळं नीट लिहून ठेवते, म्हणजे उद्या कुणी म्हणायला नको की म्हातारी बरळतेय.

मी तिची भक्त होते. हो, होते. शाळेत असताना रेडिओला कान लावून तिचं प्रत्येक गाणं उतरवलं. ती श्वास घेते तिथे मी श्वास घ्यायची. कोरसमध्ये काम मिळालं तेव्हा वाटलं, देवळातच नोकरी लागली. मूर्ती जवळून बघितल्यावर कळलं. ती कोरसच्या मुलींकडे बघायचीच नाही. आम्ही म्हणजे खुर्च्या.

तिसऱ्या गाण्याच्या शेवटी ती वरची तान आहे, जिच्यावर अख्खा अल्बम तरला. ती तान माझी आहे. त्या दिवशी महाराणींचा घसा बसला होता. ती भांडून, दार आपटून निघून गेली. मास्तर — म्हणजे संगीतकार, आम्ही सगळे त्यांना मास्तरच म्हणायचो — मला म्हणाले, “ये पुढे. वरचं तू घे.” घेतलं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने ‘झकास’ म्हणून अंगठा वर केला. मास्तरांनी डोक्यावर हात ठेवला. देवमाणूस. त्यांच्यानंतर तसं माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

कॅसेट आली. तान होती. नाव तिचं. मागे बारीक अक्षरांत ‘कोरस: इतर’.

इतर म्हणजे मी.

७ मार्च, शनिवार

आज अल्बम ऐकला. घरात लावायची बंदी मीच घातली होती, मीच उठवली.

पहिलं गाणं: पत्र्यावर गारा पडाव्यात तसा ढोल आणि त्यावर महाराणींचं लाडं लाडं बोलणं. चौथं म्हणजे नुसता धूर. पाचव्यात ती हसते. गाण्यात कोण हसतं? पैसे देऊन बसलेल्या माणसाला हसून दाखवायचं म्हणजे कमाल आहे.

दुसरं मात्र... दुसऱ्याला अंगावर काटा आला. स्वतःच्याच अंगाचा राग आला.

तिसरं लागलं तेव्हा आमचे हे हातातला पेपर खाली ठेवून ऐकत होते. तान संपल्यावर म्हणाले, “काय आवाज होता ग तुझा.” होता! म्हणजे आता नाही. तेही खरंच आहे. आता माझा आवाज लिफ्टमध्ये असतो. ‘दरवाजा बंद होत आहे. कृपया दूर उभे राहा.’ शहरातल्या निम्म्या इमारतींत मीच लोकांना दूर उभं करते. तिथेही नाव नाही.

११ मार्च, बुधवार

मुलीने परस्पर कॅसेट कंपनीला लिहिलं. वकिलाचं नावही घातलं — वकील म्हणजे तिचा नवरा, जो जमिनीचे दावे बघतो. पण कंपनी घाबरली. माणूस फोनवर अगदी मऊ. म्हणे मूळ फिती सापडल्यात, त्यावर प्रत्येक आवाज वेगळा आहे. “तुम्ही स्टुडिओत या, आपण फक्त तान काढून ऐकू. दूध का दूध.”

मग अडखळत म्हणाला, “त्याआधी बाईंना तुम्हाला भेटायचंय.”

आता आठवण झाली!

१४ मार्च, शनिवार

जाऊन आले.

तिच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये मीच. ‘सातवा मजला.’ म्हणजे रोज घरी जाताना माझं ऐकते. फार बरं वाटलं.

दार तिनेच उघडलं. गळ्याला रुमाल. घशाचं ऑपरेशन झालंय, आवाज गेलाय — नुसती हवा येते. मला दया यायला हवी होती. नाही आली. पहिल्यांदा वाटलं की बरं झालं. कुणाला सांगणार नाही, म्हणून इथे लिहिते.

“बस,” म्हणाली. “तू आलीस. बरं केलंस.”

मी म्हटलं, “तुम्ही बोलावलंत म्हणून आले.”

“ताई म्हण ग. सगळ्या म्हणायच्या.”

मी म्हटलं नाही.

तिने स्वतः चहा आणला. थोडा बशीत सांडला. मग समोर बसून, माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, “तान तुझीच आहे. मी पेपरवाल्यांना सांगून टाकते.”

मी भांडायच्या तयारीने गेले होते. घरून चार वाक्यं पाठ करून नेली होती. ती तशीच परत आणली. म्हटलं, “चाळीस वर्षं लागली?”

“हो,” म्हणाली. “लागली.”

निघताना दारात माझा हात धरला. “त्या फिती ऐकायला जाऊ नकोस. कशाला? मी म्हणतेय ना.”

अच्छा! म्हणजे त्यात आणखीही काही आहे. दुसरी गाणीही कुणाकुणाची असतील. चोर तो चोर. आता तर जाणारच.

१५ मार्च, रविवार

चहात साखर किती ते तिने विचारलं नाही. दोन चमचे होती. मी दोनच घेते. योगायोग.

१९ मार्च, गुरुवार

आलं पेपरात. तिचा मोठा फोटो, माझा टिकलीएवढा. ‘त्या तानेचं श्रेय माझं नाही,’ दिग्गज गायिकेची कबुली. आणि वाचकांनी काय लिहावं? ‘केवढं मोठं मन!’ मन तिचं मोठं! गायले मी आणि मोठी झाली ती. देतानाही सगळं स्वतःकडेच ठेवलं बाईने.

सकाळपासून फोन. शेजारीण पेढ्यासारखं गोड तोंड करून आली. धाकटी जाऊ, जिने आजवर मला ‘लिफ्टवाली’ म्हटलं, ती म्हणाली, “आम्हाला ठाऊकच होतं वहिनी.” ह्यांनी पेपर चार घरी दाखवला. मुलगी फोनवर रडली. “जिंकलीस आई.”

मग मला आनंद का होत नाही? हिसकावून घ्यायचं होतं. तिने वाटीत घालून दिलं.

२२ मार्च, रविवार

मुलगी म्हणते, आता स्टुडिओत कशाला जातेस, मिळालं ना सगळं. हेही तेच म्हणतात. सगळ्यांना महाराणीचं औदार्य पुरलं. मला पुरावा हवाय. मास्तर माझ्याशी खोटं वागले नाहीत, एवढं एकदा कानांनी ऐकायचंय.

२४ मार्च, मंगळवार

ऐकलं.

माझी तान आहे फितीवर. शेवटाला स्वर उतरलाय. तेव्हा कुणी सांगितलं नाही. माझ्या तानेच्या पुढच्या ट्रॅकवर दुसऱ्या कुठल्या तरी दिवसाचं रेकॉर्डिंग आहे. आधी बोलणं येतं. तिचा आवाज, बसलेला नाही, चांगला मोकळा: “त्या मुलीचंच राहू द्या ना, मास्तर. जीव ओतलाय तिने. नावही घाला तिचं.” मग मास्तर, हसत: “कोरसची पोर आहे ती. चालायचं नाही. गा तू.”

आणि ती गाते. कॅसेटवर आहे ती तान हीच.

कंपनीच्या रेकॉर्डिस्टने फीत थांबवली. माझ्याकडे न बघता म्हणाला, “तुमच्या मुलीला आत बोलावू का? बाहेर फुलं घेऊन बसल्यात.”

मी म्हटलं, जरा थांबा.