प्रत्येकाला एक काम

आदरणीय भाऊजी यांना धाकट्या मेव्हण्याचा सप्रेम सलाम.

मी ठीक आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? (शिलाई मशीनला मोटर बसवा म्हणून मी किती कानीकपाळी ओरडलो, पण आमचं ऐकतो कोण!) तुम्ही गेले काही रविवार चर्चला आला नाहीत, त्याबद्दल हे पत्र मुळीच नाही. मला कोणी पाठवलेलंही नाही. मंडळीची खबरबात कळवावी, एवढाच हेतू.

तर पाळकसाहेबांच्या मनाने घेतलं की आपली मंडळी मूठभर, तरी लोक येतात, गातात आणि छत्र्या उचलून घरी जातात. कोणाचा कोणाला पत्ता नाही. प्रत्येकाला एक काम द्या, म्हणजे माणसं जोडली जातील. हे जोडकाम त्यांनी माझ्या गळ्यात मारलं, कारण मी जन्मभर विमा विकला आणि समोरचा नको म्हणाला की मला ऐकू येत नाही. पहिल्या रविवारी स्वागताचं काम सगळ्यांनीच मागून घेतलं (त्यात उभं राहण्यापलीकडे काही नसतं). परिणामी अख्खी मंडळी दारात आणि आत फक्त पेटीवाल्या बाई. एक नवं जोडपं आलं, इतक्या लोकांनी हात हलवल्यावर इथे कोणाचं लग्न आहे का असं विचारून निघून गेलं. गैरहजर माणसांना फोन करायचं काम बेकरीवाल्याला दिलं. त्याने पहाटे, पाव भट्टीत गेल्यावर, एकेकाला फोन लावून ‘तुमची फार आठवण येते’ असं सांगितलं. नर्सबाईंचा फोन त्यांच्या नवऱ्याने उचलला. ते प्रकरण अजून मिटलेलं नाही.

मग मी बाक गोलाकार मांडले, म्हणजे लोकांना एकमेकांची तोंडं दिसतील. दिसली, आणि कोणाला फारसा आनंद झाला नाही. पाळकसाहेब मध्ये उभे राहून टेबलफॅनसारखे फिरत उपदेश करत होते. अर्धा उपदेश अर्ध्यांच्या पाठीला. पुढचं तुम्ही पाहिलंच आहे. ताई गेल्यापासून तुमच्या शेजारची जागा कोणी घेत नाही, हे मंडळीत लहान पोरालाही माहीत. पण दातांच्या डॉक्टरीणबाई नव्या, एकट्या, उभ्या होत्या. मी म्हटलं, बसा ना इथे, मोकळीच आहे. असं म्हणणारा ताईचा सख्खा भाऊ! तुम्ही गाणं अर्ध्यात सोडून उठलात. डॉक्टरीणबाई मला अजून विचारतात, माझं काही चुकलं का? मी म्हणतो, छे, त्यांना गुडघ्याचा त्रास आहे.

गंमत अशी की तेव्हापासून उपासना संपली तरी कोणी घरी जात नाही. सगळे घोळका करून बोलतात, अगदी नर्सबाईंचा नवरासुद्धा बेकरीवाल्याशी बोलतो. विषय एकच: शिंपीकाका कुठे आहेत? पाळकसाहेब माझ्यावर खूश आहेत, माणसं जोडली म्हणून. मला मात्र तिथे बसवत नाही.

असो. प्रकृतीला जपा, गुडघ्याला शेक द्या.

तुमचा,
मेव्हणा

ता. क. बेकरीवाल्याला तुमच्या घरी फोन करायला मीच मनाई केली आहे. एवढे उपकार लक्षात ठेवा.

दुसरा ता. क. गुडघ्याचं राहू द्या. ताईची आठवण मलाही येते हो. तिच्याबद्दल बोलायला मला तुमच्याशिवाय कोणी उरलेलं नाही. रविवारी या. चर्चला नाही आलात तरी माझ्याकडे या.

तिसरा ता. क. रविवारला अजून अवकाश आहे. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. दाराच्या फटीतून मीच सरकवलंय आणि पायरीवर बसलोय. उत्तर लिहीत बसू नका, दार उघडा.