बारा नोंदी, चार अंश

९ मे २००६

घटना, क्रमाने. एक : काल सकाळी दहाला आखाडा बाळापूरच्या दूध शीतकरण केंद्राची फोनलाइन तुटली. दोन : दुपारी चारला जोडली गेली. तीन : मधल्या बारा नोंदी, दर अर्ध्या तासाला एक, केंद्रातल्या इन्व्हर्टरवरच्या संगणकाने रांगेत धरून ठेवल्या आणि लाइन येताच इथे हिंगोलीस दूध संघाच्या कार्यालयात धाडल्या. चार : बाराही नोंदींत टाकीचे तापमान चार अंश. पाच : दूध नासले.

तापमान उत्तम असूनही दूध नासते, म्हणजे दोष माणसाचा. केंद्रचालक मुंजाजीच्या नोंदवहीत सहा, नऊ, अकरा, पुन्हा चार. शेजारी ‘वीज नाही, जनरेटर बंद’ अशी पुस्ती. हस्ताक्षरही वाईट.

अध्यक्ष उकंडरावांनी विचारले, “मॅडम, बराबर कोण?”

“यंत्र,” मी म्हणाले. जावा भाषेतली ही लॉगिंग लायब्ररी, म्हणजे नोंदी ठेवणारी आज्ञावली, माझी आहे. प्रचलित लायब्ऱ्या ढिसाळ वाटल्या, म्हणून स्वतः लिहिली.

१० मे

टाकीत शिळे दूध घेतल्याचा ठपका ठेवून मुंजाजीला लेखी आदेशाने काढले. आदेशात शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या. दुरुस्त करून दिला!

१२ मे

मुंजाजीची बायको जमनाबाई कार्यालयात आली. बसा म्हटले, बसली नाही.

“माझा माणूस दोन तास जनरेटरखाली आडवा व्हता. त्यो काहून खोटं लिहील?”

“आमच्याकडे नोंद आहे.”

“नोंद हाय म्हनं! बारा येळा बघून येकच आकडा? आमच्या रांजणातलं पानी बी सकाळ-दुपार येक नसतंय, म्याडम!”

उद्धट बाई.

पण मे महिना आहे — आणि वीज नव्हती.

१३ मे

सकाळी चाचणी घेतली. लाइन काढली. तापमापक आधी गरम पाण्यात, मग थंड पाण्यात. लाइन जोडली. गरम पाण्याची एकही नोंद आली नाही — सगळ्या थंड.

माझी नोंद वेळ त्याच क्षणी टिपते. आकडा टिपत नाही. तो कुठे पाहायचा, एवढेच लक्षात ठेवते. तारेवरून धाडण्यासाठी तिचे बाइट करताना, म्हणजे सिरियलाइज करताना, तापमापकाला विचारते. रांगेतल्या बाराही नोंदींनी चार वाजता विचारले. तोवर जनरेटर सुरू होऊन टाकी पुन्हा थंड झाली होती.

संगणकाचे श्रम वाचावेत, म्हणून मीच तसे रचले. एका शोधनिबंधात त्याची स्तुतीही केली आहे!

१५ मे

उकंडरावांना सांगितले.

“जाऊ द्या मॅडम. त्याला तोंडी सांगतो, ये म्हणून. कागद कशाला? तुमचंच नाव खराब व्हईल.”

“बरं,” मी म्हणाले. सोयीचे होते.

संध्याकाळी मुंजाजीचा निरोप आला : “काढलं कागदावर. मंग घ्या बी कागदावरच.”

१६ मे

अध्यक्षांना पत्र दिले, पोच घेतली. मुंजाजींची नोंदवही खरी आहे. बाराही नोंदी चुकीच्या आहेत. चूक माझ्या लायब्ररीतली आहे. त्यांच्यावरील आदेश रद्द करावा, ठपका माझ्या नावे ठेवावा. उत्तर लेखी द्यावे.