जाहिरातींवरची उसनी मतं

७ ऑक्टोबर, मंगळवार
रिपोर्ट परत आला. तिसऱ्यांदा. आमचे साहेब, कुराता-सान, रागावत नाहीत, हाच खरा त्रास आहे. 'छान आहे'भोवती पेन्सिलीने बारीक गोल केलेला आणि शेजारी एक प्रश्नचिन्ह. म्हणाले, "मेधा-सान, जाहिरातीत काय आहे ते मलाही दिसलं. तुम्हाला काय वाटलं?"
काय वाटायचं? जुनी ब्रिटिश जाहिरात, रविवारचं जेवण, मांसावर ओतायच्या तपकिरी रश्श्याची पूड. मी लिहिलं होतं, 'संदेश स्पष्ट. कुटुंबजीवनाचं सुंदर दर्शन. छान आहे.' गाइडमधलं उत्तर! शाळेत यालाच पैकीच्या पैकी मिळायचे.
काम ऐकायला मजेचं आहे. ब्रिटनच्या टीव्हीवरच्या जाहिराती बघायच्या, आठवड्याला तीन जुन्या, तीन नव्या, आणि मत लिहायचं. इथल्या, जपानच्या जाहिरातवाल्यांना त्यातून शिकायचं असतं. लेस्टरला दोन वर्षं काढली होती म्हणून मला घेतलं. पण डिसेंबरअखेरपर्यंतच. त्यातही आठवड्याला अठ्ठावीस तास, कारण माझ्या रहिवासाच्या कार्डावर मी या देशात मिलिंदची बायको म्हणून आहे, दुसरी कोणी नाही.

८ ऑक्टोबर, बुधवार
सुचलं. सायकलवरून ऑफिसला जाताना, सिग्नलला.
मिसेस पोर्टर! लेस्टरला त्यांच्या घरातल्या वरच्या दोन खोल्यांत आम्ही राहायचो. लग्नाला चार महिने झालेले, मिलिंद दिवसभर कामावर, मला फोन उचलायचीही भीती. दुपारी त्या खाली इस्त्री करायच्या आणि मला हाक मारायच्या. त्यांच्याकडे मालिकांच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट होत्या, त्यात मधल्या जाहिरातीही रेकॉर्ड झालेल्या. मालिका त्या गप्प बघायच्या आणि जाहिरातींशी भांडायच्या. ही रश्श्याची जाहिरातसुद्धा होती त्यात.
मग आज त्या जे म्हणायच्या तेच लिहून टाकलं. 'बाई सगळ्यांना वाढते, शेवटी बसते, हसते. पण सगळ्यांची ताटं दिसतात आणि तिचं एकदाही दिसत नाही. ती जेवली का?'
टाइप करताना त्यांचा आवाज अगदी कानात. देव त्यांचं भलं करो.

९ ऑक्टो., गुरु.
कु.-सान दोनदा वाचून खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मला वाटलं, संपलं. वळून म्हणाले, "ओमोशिरोई." म्हणजे चांगलं, मजेदार. त्यांच्याकडून हे म्हणजे खूपच. परत येताना कोपऱ्यावरच्या कोंबिनी दुकानातून स्वतःसाठी पुडिंग घेतलं आणि कोणाला न देता खाल्लं.

१२ ऑक्टो., रवि.
मिसेस पोर्टरांना फोन. आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ. चौऱ्याऐंशी पूर्ण, आणि स्मरणशक्ती माझ्यापेक्षा खणखणीत. मी तेव्हा करपवलेल्या त्यांच्या भांड्याचा रंग अजून सांगतात, आणि अजून मला लव्ह म्हणतात. "लव्ह, आता जाहिराती बघण्याचे पैसे मिळतात? मी साठ वर्षं फुकट बघितल्या की गं!"
नव्या जाहिरातींबद्दल विचारलं. दुपारभर फक्त अंत्यविधीचे पैसे आधीच भरून ठेवायची योजना आणि जिन्यावरून वर नेणारी खुर्ची, म्हणाल्या. "आम्ही घरात कोण उरलोय ते त्यांना बरोबर कळलंय."
हे उद्या लिहून टाकायचं.

२१ ऑक्टो., मंगळ.
लक्ष्मीपूजन. टोकियोच्या ओजिमा भागात आमच्या बिल्डिंगमधल्या चार घरांत पणत्या, गॅलरीत, आग लागू नये म्हणून काचेच्या बरण्यांत. चकल्या विरघळल्या, मग त्यांची शेव केली. लेकीला, ईराला, हाक मारली तर उत्तर "चोत्तो मात्ते". थांब जरा! दहा वर्षांची मुलगी लक्ष्मीलासुद्धा थांबायला सांगते.
दुपारी ऑफिस होतंच. एकापाठोपाठ एक रिपोर्ट पास होताहेत. प्रत्येक वेळी डोळे मिटायचे, इस्त्रीची वाफ आठवायची, मिसेस पो. बोलतात, मी लिहिते. आजचं: 'जुन्या जाहिराती सरळ दारात येऊन पावडर घ्या म्हणायच्या. नव्या आधी रडवतात, मग हळूच दुकानाचं नाव सांगतात. नाताळच्या तर छोटे सिनेमेच असतात, पाणी काढतात डोळ्यांतून. रडले मी. पण काय विकत होते ते विचारलंत तर सांगता येणार नाही.' आणि सट्ट्याच्या जाहिरातींबद्दल: 'अर्धं मिनिट खेळा खेळा म्हणायचं आणि शेवटी बारीक अक्षरांत जपून खेळा.'
इथल्या जाहिरातीत कोणीतरी प्रसिद्ध चेहरा घास घेतो आणि डोळे मोठे करून छान म्हणतो. मला त्याही आवडतात. निदान काय खायचंय ते कळतं.

५ नोव्हें., बुध.
कु.-सानांनी मीटिंगरूममध्ये बोलावलं. दार लावून. ओसाकाची एक बिस्किट कंपनी वर्षभराचं काम द्यायचं म्हणतेय. मिळालं तर मला कायम करणार. पूर्ण वेळ, माझा स्वतःचा व्हिसा, माझ्या नावावर. कार्ड बदलेल.
पुढे म्हणाले, "आम्हाला तुमची नजर हवी आहे."
मी वाकून वाकून आभार मानले आणि बाथरूममध्ये जाऊन उभी राहिले. माझी नजर कुठली? लेस्टरच्या एका म्हातारीची आहे ती. मी नुसती टाइप करते.

९ नोव्हें., रवि.
मिसेस पोर्टरांना फोनवर सांगणार होते. त्या गुडघ्याबद्दल बोलत राहिल्या, मी ऐकत राहिले. नाही सांगितलं. फोन ठेवल्यावर इतकी लाज वाटली की भांडी दोनदा घासली.

१४ नोव्हें., शुक्र.
मिलिंदला सांगितलं. लॅपटॉपमधून मान वर न करता, "अगं, मी रोज चार लोकांचा कोड उचलतो. कोणी विचारतं का कोणाचा?"
"तुझा कोड कोणी तुझी नजर म्हणत नाही."
तेव्हा मान वर केली. थोड्या वेळाने चहा करून आणला, आलं घालून. "मेधा, सांगून टाक मग. नोकरी नाही मिळाली तर नाही मिळाली. पण तू अशी भांडी घासत बसलीस तर आपल्याकडे एक कप उरणार नाही."
चिडायला हवं होतं, हसूच आलं. हा माणूस मला मिळाला ते बरंच झालं, हे त्याला सांगत नाही, इथे लिहून ठेवते.

२० नोव्हें., गुरु.
ओसाका. शिनकानसेन या बुलेट ट्रेनमध्ये कु.-सान शेजारी, त्यांचा डबा नीट मांडलेला, माझा बटाट्याचा पराठा. अर्धा दिला. खाल्ला आणि रुमालाने प्रत्येक बोट पुसलं.
बिस्किट कंपनीच्या ओकादा-सान. पन्नाशीच्या, मोठ्याने हसणाऱ्या. टोकियोत असं हसणारं कोणी भेटलं नव्हतं. त्यांच्यापुढे माझे सगळे रिपोर्ट, आणि ताटवाल्या रिपोर्टवर पिवळी पट्टी चिकटवलेली. म्हणाल्या, "हे वाचून मी घरी गेले आणि आमच्या पंधरा जाहिराती परत बघितल्या. एकाही बाईच्या हातात बिस्किट नाही, फक्त बशी. हे तुम्हाला कसं दिसलं?"
खोलीत आठ माणसं. मी उठले आणि म्हटलं, "हे माझं नाही." मग सगळं. मिसेस पोर्टर, लेस्टर, इस्त्री, कॅसेट. ही मतं त्यांची आहेत, त्यांच्यामुळे मी इथवर आले, त्यांचं नाव आधीच सांगायला हवं होतं, माफ करा. जपानी मधेच संपलं, उरलेलं इंग्रजीत.
कु.-सान टेबलाकडे बघत होते.  
शेवटी ओकादा-सान, अगदी प्रेमाने: "बरं. आणि या रश्श्याच्या जाहिरातीबद्दल तुम्हाला स्वतःला काय वाटतं?"
  "विचार करून कळवते," म्हटलं आणि खाली बसले.

२१ नोव्हें., शुक्र.
कु.-सान सकाळी माझ्या टेबलाशी आले, उभ्याउभ्याच. "काल खरं बोललात, बरं केलंत." मग, "त्या बाईंना विचारून घ्या, त्यांचं नाव रिपोर्टवर घालायला चालेल का. आणि ओसाकाला तुमचं मत मंगळवारपर्यंत पाठवायचंय. तुमचं. त्यावर त्या ठरवतील."
ओरडले असते तर बरं वाटलं असतं. पण इतक्या सरळपणे त्यांनी मला आणखी एक संधी दिली, की डोळे भरून आले. पंधरा वर्षांची असते तर पाया पडले असते.

२२ नोव्हें., शनि.
ती जाहिरात अकरा वेळा बघितली. मत नाही. ईरा मागून, "आई, उरुसाई!" म्हणजे कटकट बंद कर. रश्श्याचं गाणं तिला पाठ झालंय, कचरा वेगळा करताना गुणगुणत होती.

२३ नोव्हें., रवि.
आज इथे कामाचे आभार मानायचा सण. रविवारी आला म्हणून त्याची सुट्टी उद्या, त्यामुळे पोरं खाली सायकली फिरवताहेत.
मिसेस पो.ना फोन करून सगळं सांगितलं. चोरी कबूल केली, माफी मागितली, नाव घालू का विचारलं. ताटाचं वाक्य वाचून दाखवलं.
 मग, "लव्ह, हे मी म्हटलेलं नाही."
म्हटलं, अहो तुम्हीच, इस्त्री करताना.
"मला ती जाहिरात फार आवडायची. अजूनही आवडते. त्या बाईच्या ताटाकडे मी जन्मात बघितलं नव्हतं. मी जाहिरातीवर काहीतरी बडबडायचे आणि मग तुला विचारायचे, तुला काय वाटतं? तू दोन-दोन शब्द जोडून सांगायचीस. एकदा विचारलंस, तिचं ताट कुठंय? मी इस्त्री उभी करून ठेवली होती. त्या रविवारी मी पहिल्यांदा सगळ्यांबरोबर बसले, आणि रश्श्याचं भांडं टेबलावर ठेवून म्हटलं, ज्याचं त्याने घ्या."
 मग म्हणाल्या, "माझं नाव घालू नकोस. अंत्यविधीचं आणि खुर्चीचं मात्र माझं आहे, ते सोडणार नाही."
अठरा वर्षं मी त्यांचे आभार मानतेय, आणि मतं दिली म्हणून मानत होते. त्यांनी मला मत दिलंच नाही. विचारलं फक्त, रोज दुपारी, आणि माझं तुटकं इंग्रजी संपेपर्यंत वाट बघितली. त्याआधी मला कोणी विचारलं नव्हतं. आईनेही नाही, आणि तिचं ताट तरी मी कधी बघितलं होतं?
सट्ट्याचं कोणाचं, नाताळचं कोणाचं, आता काहीच सांगता येत नाही.
आठ माणसांसमोर उभी राहून सांगून आलेय की ते माझं नाही. मंगळवारी कु.-सानांना काय सांगू? त्यांनी विश्वास का ठेवावा? मिलिंद म्हणतो, जसं झालं तसं लिही. कागद समोर आहे. 'मला वाटतं' इतकंच लिहिलंय.