वीज विकू नकोस म्हणालात

बाई, कागद परत आला तो तुमच्यामुळे. मी माझीच सही केली, माझ्याच हातानं, माझ्याच शेअरच्या कागदावर, आणि कंपनी म्हणते ही सही माझी नाही. सही जुळत नाही, एवढं टाइप करून कागद माघारी पाठवला. मेनरोडचा एजंट वर मलाच शहाणपण शिकवतो. म्हणतो, मावशी, बारा वर्षांपूर्वी केली होती तशी करा, वाकडीतिकडी, शेवटचं अक्षर ओळीखाली घसरलेलं. म्हणजे आता या वयात मी वाईट लिहायला शिकू का? तेव्हा अंगठा चालला असता. अंगठा काही सुधारत नाही की बिघडत नाही. पण तुम्हाला मास्तरकीची खोड. आठ दिवस मला शिसपेन्सिल देऊन तुमच्या अंथरुणाशी बसवलंत, माझा हात धरून माझं नाव गिरवून घेतलंत, आणि ती सही तिकडे कंपनीच्या दप्तरात जाऊन बसली. पुढे खानावळ काढली, रोजच्या डब्यांचा हिशेब लिहून लिहून माझं अक्षर सरळ झालं, हा माझा गुन्हा. एजंट म्हणतो, नाहीतर बँकेच्या साहेबापुढे सही करून शिक्का आणा, पण जे काय करायचं ते गुरुवारपर्यंत. शुक्रवारी नव्या कंपनीचे अर्ज बंद होतात. नवी कंपनी कॉम्प्युटरची. तुम्ही दिलेले विजेचे शेअर विकून मी कॉम्प्युटरचे घ्यायचे असं घरात ठरलंय. ठरलंय म्हणजे पोरीनं ठरवलंय. माझं ठरत नाही, म्हणून लिहायला बसले.

देवळाली कॅम्पात तुमच्याकडे स्वयंपाकाला लागले तेव्हा मला दुसरीपर्यंतचं येत होतं, तेही विसरत आलेलं. तुम्ही मुंबईच्या मुलींच्या शाळेत सायन्स शिकवून रिटायर झालेल्या, छातीला कोरडी हवा हवी म्हणून तिथं दोन खोल्या घेऊन राहिलेल्या, मागे ना पुढे कोणी, आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. पहिल्या दिवशी आमटी कशी करतेस ते विचारलं नाहीत. आकडे वाचता येतात का, एवढंच विचारलंत. मी म्हटलं, बाजारात कोणी फसवणार नाही एवढे येतात. तर पेपर हातात दिलात. वर कांद्याचे भाव, त्याखाली गुळाचे, त्याखाली शेअरचे. मी आपली लासलगावच्या कांद्यापासून जोरात सुरुवात केली, तर म्हणालात, "कांदा राहू दे, तो चिरताना रडवतो तेवढं पुरे. खाली ये." खाली आले तर कंपन्यांची ही लांबलचक नावं. एकेक अक्षर जोडत मी वाचतेय, चुलीवर भाजी करपतेय, मी उठायला बघतेय आणि तुम्ही म्हणताय, जळू दे, पुढचं वाच. करपलेली भाजी तुम्ही मुकाट्यानं खाल्लीत. माझ्या सासूनं ती माझ्या डोक्यावर ओतली असती.

पण बोललातही एकदा, आणि ते अजून लागतं. विजेच्या कंपनीचा भाव चढला होता. मी वाचून दाखवला आणि वर म्हटलं, नशीब तुमचं बाई. तुम्ही कप खाली ठेवलात. आवाज चढवला नाहीत, तुम्ही कधी चढवत नव्हता, त्याचीच मला भीती वाटायची. "नशीब म्हणायचं असेल तर उद्यापासून पेपर बंद. का चढला ते सांग." मी फणकारले, मला काय माहीत, मी पोळ्या लाटणारी बाई. तर म्हणालात, मेथी महागली की का महागली ते तुला बाजारात पाऊल टाकल्याबरोबर कळतं, मग हे का कळू नये? त्या दिवसापासून रोज कारण द्यायचं. चुकीचं चालेल, पण द्यायचं. मी काहीही ठोकून द्यायचे. दिवाळी आली, लोकांनी माळा लावल्या, म्हणून वीज चढली. तुम्ही खोकला येईपर्यंत हसलात, पण कारण मान्य केलंत. रेंजवर तोफांचा सराव चालायचा, खिडकीच्या काचा थरथरायच्या, आणि आपण दोघी आत भांडत बसायचो, की लोक कशावाचून राहू शकतात आणि कशावाचून नाही. तुमचं म्हणणं एकच. कंपनीचं नाव बघू नये, तिचा माल बंद पडला तर सकाळी कोण ओरडत घराबाहेर येतो ते बघावं.

माझ्या माहेरी दिंडोरीकडे तुम्ही आलात ते मला अजून दिसतं. पांढरं पातळ, पायात कॅनव्हासचे बूट, एसटीतून उतरलात आणि देवदर्शनाला न जाता सरळ भावाच्या मळ्यातल्या विहिरीवर. मोटार चालू होती. तुम्ही तिच्या पत्र्याच्या पेटीवर हात ठेवलात, पोराच्या डोक्यावर ठेवावा तसा. दादा धावत आला, "बाई, हात नका लावू, करंट लागंल." तुम्ही हात काढला नाहीत. विचारलंत, चार वर्षांमागं गावात किती मोटारी होत्या? तो म्हणाला, "तवा दोन व्हत्या. आता मोजाय बसायचं नाय. द्राक्षाला पानी लागतं लय, रोज नव्या खांबासाठी लोक हापिसात जाऊन बसत्यात." परतताना तुम्ही खांब मोजत होता. डोळ्यांना दिसत नव्हते म्हणून मी मोजत होते आणि तुम्ही बोटं मिटत होता. घरी आल्यावर म्हणालात, पेपरवाल्यांना जे पुढच्या वर्षी कळेल ते तुझ्या भावानं मला आज सांगितलं. पण एक ध्यानात ठेव, मागणी आहे म्हणजे नफा आहे असं नाही. विजेचा दर सरकार ठरवतं. तो सावकाश वाढतो, म्हणून ही म्हातारीची कंपनी आहे. हे पण तुम्हीच म्हणाला होता. मी विसरले नाही. पोरगी तेच आता माझ्या अंगावर फेकते.

पोरगी म्हणजे तीच, जिला तुम्ही ओट्याखाली बसवून पाढे म्हणायला लावायचात. आता एकवीसची आहे. सातपूरला कारखान्यात बारीक तारा जोडते, भिंग लावून. आधी टीव्हीचे भाग जोडायची, आता कॉम्प्युटरचे. अर्ज निघालेत ते तिच्या कारखान्याचे नाहीत, दुसऱ्या कंपनीचे, पण धंदा तोच. यंदा खंडेनवमीला कारखान्यात यंत्रांची पूजा होती, घरच्यांना बोलावलं होतं, म्हणून मी गेले. कॉम्प्युटर म्हणजे काय ते पाहिलं. टीव्हीसारखं डबडं, त्याला झेंडूची माळ, वर कुंकवाचं बोट, पुढे नारळ. साहेबानं कळ दाबली, हिरवी अक्षरं उमटली, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि वीज गेली. डबडं आंधळं झालं. तिथंच मी मोठ्यानं म्हटलं, बघ, तुझ्या डब्याचं डोकं माझ्या विजेवर चालतं. बाया हसल्या. पोरगी नाही हसली. ती म्हणाली, "वीज गेली ती तुझ्या कंपनीची चूक, आई. माझा डबा नापास नाही झाला."

घरी आलो. मग पोळ्या करताना सुरू झाली. तुझी वीज कंपनी दर वाढवायला सरकारच्या पाया पडते, आम्ही आमचा माल पाहिजे त्या भावानं विकतो. तुझ्या कंपनीला एक चिमणी उभी करायला वर्षं लागतात, आमच्याकडे सहा महिन्यांत नवा नमुना येतो. मी म्हटलं, सहा महिन्यांत नवा येतो म्हणजे सहा महिन्यांत जुना भंगारात जातो, त्याचं काय? आणि आतले सगळे भाग परदेशचे, खोकं तेवढं आपलं, उद्या बोट आली नाही तर काय जोडशील? म्हटलं, मेनरोडला फॉर्मसाठी रांग लागलीय, त्यात एकाला तरी माहीत आहे का कॉम्प्युटर काय करतो? ज्या गोष्टीवाचून सकाळी कोणाचं अडत नाही तिच्यात मी पैसे घालत नाही. आमचे हे कोपऱ्यात जेवत होते. म्हणाले, दोघी शेअर बाजारातच जाऊन राहा, मला भात वाढा आधी.

पण पोरगी थांबली नाही. ती म्हणाली, "तू मामाच्या मोटारीवर विश्वास ठेवलास. मेलेल्या बाईंवर ठेवलास. मी दिवसभर हातानं जे करते त्याच्यावर नाही ठेवत." बोटं पुढे केली, टोकाला डाग पडलेली. मी ती बोटं रोज पाहते. भाकरी घेताना पाहते. पण त्यांच्याकडे मी कधी तुम्ही मोटारीकडे पाहिलंत तसं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी उठून मी एजंटकडे गेले आणि विकायच्या कागदावर सही केली. ती ही, परत आलेली. खरं सांगते, पाकीट उघडल्यावर आधी सुटल्यासारखं वाटलं. चिडले ते नंतर.

कारण तुम्ही म्हणाला होतात विकू नकोस. तो दिवस मला मिनिटामिनिटानं पाठ आहे. तुम्ही अंथरुणाला खिळून दोन महिने झालेले. दुपारची वेळ, मी मऊ भात चमच्यानं भरवतेय. तुम्ही माझा हात थांबवलात आणि म्हणालात, "सगळं पडतंय, पण आपली वीज टिकून आहे बघ. ही तुझ्या नावावर करते. पोरीचं लग्न निघालं तरी विकू नकोस." आठ दिवसांनी बँकेचा कारकून कागद घेऊन आला, उशीवर पाट ठेवून तुम्ही सही केलीत, खाली मी केली. माझ्या जन्मात मला कोणी नवं लुगडंसुद्धा असं विचार करून दिलं नव्हतं.

आता ऐका. हे मी बारा वर्षं कोणाला सांगितलेलं नाही. वीज टिकून नव्हती, बाई. त्या साली सरकारनं डिव्हिडंडला लगाम घातला आणि सगळ्यांबरोबर तुमची वीज पण कोसळली. पहिल्या दिवशी मी खरा भाव वाचला, तर तुम्ही दिवसभर तोंडात पाणी घेतलं नाहीत. डॉक्टर म्हणाले, पोटात काही गेलं तर चार दिवस मिळतील. दुसऱ्या दिवशी तो आणखी पडला होता. मी आदल्या आठवड्याचा वाचला. तुम्ही वाटीभर भात खाल्लात. मग रोज तेच. कधी चार आणे चढवायचे, कधी खरं वाटावं म्हणून दोन आणे उतरवायचे, आणि तुम्ही विचाराल म्हणून त्याचं कारणही रचायचे. कारकून भावाबद्दल बोलायला तोंड उघडतोय तोवर मी त्याच्या हातात चहाचा कप कोंबला, बिचाऱ्याची जीभ भाजली. तुम्ही गेलात तोवर मी असंच वाचत होते.

म्हणजे विकू नकोस हे तुम्ही माझ्या खोट्या भावावर म्हणालात. डिव्हिडंडचा चेक दरवर्षी येतो, थोडा थोडा वाढत येतो, आणि दर वेळी माझ्या मनात हेच येतं. तुम्हाला फसवून घेतलेला शब्द मी पाळत बसले, आणि त्याच्यासाठी पोटच्या पोरीचं मन मोडू का? पण दुसरंही एक आहे. उशाशी रेडिओ होता. मी भांडी घासायला मागे जायचे तेव्हा तो तुम्ही लावायचात. बाजार पडल्याच्या बातम्या त्यावर रोज यायच्या. तुमचे डोळे गेले होते, कान नव्हते गेले. आणि शेवटच्या आठवड्यात, मी भाव आणि त्याचं कारण सांगून झाल्यावर, तुम्ही माझ्या गालाला हात लावून म्हणालात, "चांगली वाचायला लागलीस." मी तेव्हा शाबासकी समजून घेतली.

हा कागद मी कुठं टाकणार नाही, ते मलाही कळतं. तरी विचारते. मी खोटं वाचतेय हे तुम्हाला माहीत होतं का? माहीत असून म्हणाला असाल विकू नकोस, तर मी शेअर ठेवते, पोरीची समजूत काढते, खानावळीच्या पैशातून तिच्या कंपनीचा एक छोटा अर्ज भरते. माहीत नसेल, तर तुमचा शब्द मला बांधत नाही, आणि पोर म्हणते तसं करून मी मोकळी होते. हो की नाही, एवढंच सांगा. गुरुवारी अकराला बँक उघडते. त्याच्या आत सांगा.