दादाच्या उरलेल्या गोळ्या

रत्नागिरी, बुधवार, १९ नोव्हेंबर १९८६

मुंबईच्या डॉक्टरांचा दुपारी फोन आला. स्कॅनमध्ये दिसलं, दादाच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या एकेक करून बंद पडल्यात. कारण, वर्षानुवर्षांचं ब्लडप्रेशर. त्याच्या विसरण्याला आम्ही वय, वय म्हणत बसलो.

कपाटात त्याच्या गोळ्यांची बाटली सापडली, जवळजवळ भरलेली. "मला काय धाड भरलीय?" म्हणत त्याने त्या सोडल्या, तेव्हा "सोड, ठणठणीत आहेस," असं मीच म्हटलं होतं. का म्हटलं?

भाट्याच्या खाडीत जन्मभर लाँच चालवलेला माझा हा भाऊ संध्याकाळी तिच्याच पुलावर थांबला. "बाळ्या, ही खाडी कुठली रे?" माझं नाव तरी अजून त्याच्या लक्षात आहे.

बाटली समोरच आहे. डॉक्टर म्हणाले, या आजारात माणूस पायरी-पायरीने खाली उतरतो. गेलेलं परत येत नाही. शनिवारी त्याचा मुलगा दुबईहून येतोय. तोवर पुढची पायरी आली नाही, तर दादा त्याला ओळखेल.