सामाईक रान

७ जानेवारी, सातारा
दत्ताच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका पाहिली. मला आलेली नाही. आमच्याच गावच्या शेजारीणबाईंनी दाखवली. निमंत्रकांत चुलत, मावस, झाडून सगळे. सख्खी आत्या तेवढी नाही. कारण उघड आहे: शिरवळजवळच्या वडिलांच्या रानावरचा हक्क सोडून देण्याच्या कागदावर मी सही केली नाही. सातबाऱ्यावर भावाबरोबर माझेही नाव आहे. रान एका कंपनीला हवे आहे आणि माझ्या सहीवाचून त्याला ते विकता येत नाही.
छपाई सुबक, कागद जाड. उत्तरही जाड कागदावरच देईन.

९ जाने.
दत्ताचा फोन. "आक्के, पत्रिकेचं काय मनावर घेतीस? सही कर, दुसरी छापतो." मग खरे ते बोलला. "तुला मागंपुढं कोण हाय गं? कुणासाठी धरून बसलीस?"
आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवले. इतका नीच युक्तिवाद कोणा विद्यार्थ्याने केला नव्हता.
कोणासाठी, ते लेखी कळेल.

१३ जाने.
वकिलांकडे मृत्युपत्र. घर, ठेवी आणि शिरवळच्या रानातला माझा अर्धा हिस्सा: सर्व कवठे महांकाळच्या वसतिगृहाला. तिथे मेंढपाळांच्या मुली राहून शिकतात. माझ्या हाताखालून गेलेल्या सर्वांत तल्लख दोघी तिथल्याच.
वकील म्हणाले, "बाई, घर-ठेवी ठीक. पण न वाटलेलं रान? तुमच्या पश्चात भाऊ आणि संस्था एकाच सातबाऱ्यावर. भांडत बसतील."
"म्हणूनच."
मसुदा दोनदा परत केला. "राजीखुशीने, कोणाच्याही दबावास बळी न पडता" हे वाक्य मात्र राहू दिले. इतके खरे वाक्य त्या गृहस्थाच्या हातून पुन्हा उतरणार नाही.

२० जाने., क. महांकाळ
वसतिगृह चालवणाऱ्या हिराबाईंना स्वतः सांगायला गेले. कृतज्ञता अपेक्षित होती. त्यांनी सगळे ऐकून घेतले, चहा पुढे सरकवला आणि म्हणाल्या, "बाई, तुमी रान देताय का भांडण देताय?"
"म्हणजे?"
"आमची मेंढरं दुसऱ्याच्या रानात शिरली की काठी आमच्याच पाठीत बसती. आता पोरींनाबी तसंच उभं करू व्हय, तुमच्या भावाच्या बांधावर?"
मग, जरा नरमाईने: "शिकलेल्या पोरी शिरवळला कामाला लागत्यात, खोलीसाठी दारोदार फिरत्यात. जागा मिळाली तर लय भारी हुईल. पण वाटून द्या, खुंट ठोकून द्या. न्हाईतर राहू द्या. घ्या, चहा गार झाला."

२१ जाने.
उर्मट बाई! दान नाकारते!
मांडणी अघळपघळ. मुद्दा बिनचूक. हेच सहन होत नाही.

२९ जाने.
दत्ताला बोलावले. वाटणी हवी म्हटले. वाटले होते, चिडेल. हसला. "घे की! ओढ्याकडचं तुझं, रस्त्याकडचं माझं." कंपनीला रस्त्याकडचेच हवे आहे, हे त्याला ठाऊक, मला ठाऊक. "पटत न्हाई तर जा कोर्टात. म्हातारपणी करमणूक हुईल तेवढीच."
ओढ्याकडची बाजू घेतली तर मुलींना माझ्या डोळ्यांदेखत स्वतंत्र जागा, पाण्यासह. आणि हा दुसऱ्या दिवशी मालामाल. रस्त्याकडची मागितली तर कोर्ट. निकाल पाहायला मी नसेन, आणि वाद लागलेले रान हिराबाई घेणार नाहीत. पण तोवर हाही एक वाफा विकू शकणार नाही. दत्ता कंपनीच्या दारात झिजतो आहे, हे चित्र फार गोड.

९ फेब्रु., शिरवळ
मोजणी. यंत्र लावून मोजणीदार म्हणाला, "दोघांचं जमलंय ना? मग बाई, बोला, तुमची बाजू कुठली?"
दत्ता चपला काढून बांधावर उभा. वडीलही रानात असेच उभे राहत. म्हणाला, "आक्के, ऊन लय हाय. सावलीला ये आधी."
गेले सावलीला. त्याने तांब्या पुढे केला. पाणी प्यायले.
मोजणीदाराला म्हटले, उद्या या. दत्ताचा चेहरा उतरला. कंपनीचा माणूस उद्याच दुपारी येणार आहे, हे तेव्हा त्याच्या तोंडून निसटले. फार बरे वाटले. लपवून काय उपयोग, अजूनही वाटते आहे.
हिराबाईंचा फोन दोनदा वाजला. घेतला नाही. उद्या सकाळी त्याच बांधावर उभे राहून एक बाजू बोलायची आहे.