एकाच वयाची झाडं

प्रोफेसर,

जंगल खात्याच्या माणसांची जगभर एकच तक्रार असते आणि ती जशी तुमची होती तशीच माझीही होती: रानात माणसं फार येतात. लाकडं नेतात, गुरं घालतात, उतार भाजून नाचणी पेरतात. पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी खात्याने मला शिष्यवृत्तीवर म्युनिकला पाठवलं, तेव्हा ही तक्रार मी पाठ करूनच आलो होतो. आमच्या घरची दळी होती, हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. दळी म्हणजे डोंगरउतारावरचा, रानातलाच एक तुकडा. दोन-तीन वर्षं तिथे नाचणी-वरी करायची, मग आठ-दहा वर्षं तो सोडून द्यायचा, रान पुन्हा वाढू द्यायचं. तोडताना मोह, हिरडा, आंबा तेवढे राखायचे. आमच्या लेखी ते शेत होतं, विश्रांती घेत असलेलं. खात्याच्या लेखी ते अतिक्रमण होतं, आणि माझे वडील त्यापायी दोनदा चौकीत बसून आले होते.

तुम्ही तेव्हा निवृत्त झाला होतात, पण तुमच्या शेऱ्यावाचून माझा प्रबंध पुढे सरकणार नव्हता. पहिल्याच आठवड्यात तुम्ही मला शहराबाहेरच्या स्प्रुसच्या, म्हणजे तिथल्या सुईसारख्या पानांच्या उंच झाडांच्या, रानात नेलंत. मी म्हणालो, सुंदर आहे. तुम्ही काठी जमिनीवर टेकवून थांबलात. "सुंदर हा शब्द रविवारी फिरायला येणाऱ्यांसाठी ठेवा, हेर कोलेगे. तुम्ही वय सांगा." मला सांगता येईना. मग तुम्ही सांगितलंत, आणि ते मी आयुष्यभर विसरलो नाही. कोवळी, जाणती, म्हातारी आणि मरून उभी राहिलेली झाडं एकत्र दिसली, तर ते रान आपसूक वाढलेलं. सगळी एकाच उंचीची, एकाच जाडीची दिसली, तर आधी तिथे कुणीतरी सगळं साफ केलेलं आहे. "कुणी केलं, हे कागद सांगतील. केलं, हे झाडं सांगतात. कळलं?" मी मान डोलावली. 'हेर कोलेगे', म्हणजे सहकारी महाशय, हे तुम्ही मला चिडवायला म्हणत होतात हे कळत होतं. तरी ऐकायला बरं वाटत होतं.

तुम्ही तरुणपणी पूर्व आफ्रिकेत, तुमच्या कैसरच्या वसाहतीत, जंगल अधिकारी होतात. एका डोंगराभोवती तुम्ही स्वतः हद्द आखली होती आणि आतलं सगळं राखीव केलं होतं. पहिल्या महायुद्धानंतर ती वसाहत इंग्रजांकडे गेली. झेंडा बदलला, पण हद्द तीच राहिली. माझ्या म्युनिकमधल्या दुसऱ्या हिवाळ्यात तिथल्या सरकारचं तुम्हाला पत्र आलं. डोंगराखालच्या गावांनी अर्ज केला होता की आतली जमीन आमच्या आजोबांची आहे, परत द्या. सरकारला तुमच्याकडून एवढंच हवं होतं: हद्द आखली तेव्हा तिथे कुणाची वहिवाट होती का? ती रेघ ओढणाऱ्यांपैकी जिवंत असलेले तुम्ही एकटेच.

तुमच्या स्वयंपाकघरात उजेड चांगला म्हणून तुम्ही आफ्रिकेत काढलेल्या फोटोंच्या जुन्या काचा आपण तिथल्या खिडकीशी धरून बघतो आहोत. टेबलावर टाइपरायटर आहे, कारण तुमची बोटं आखडली आहेत आणि मजकूर मी टाइप करायचा आहे. तुमच्या घरच्या बाई, तुमच्या पत्नी, सफरचंदं सोलताहेत. "चाळीस वर्षं," त्या मला सांगतात, "चाळीस वर्षं हा आफ्रिका खंड माझ्या चादरींच्या कपाटात पडून आहे. बॉम्ब पडले, अर्धी भिंत गेली, आणि यांनी आधी काय वाचवलं? मला नव्हे!"

"तू पळू शकत होतीस," तुम्ही म्हणता. "काचा पळत नाहीत."

मग ती काच येते. मागे डोंगर, पुढे रान. बाई चाकू ठेवून वाकून बघतात. "अहो, हे तर किती नीटनेटकं आहे! आपल्या स्प्रुसच्या लागवडीसारखं. सगळी कशी एका उंचीची."

मला ते बाईंच्या आधीच दिसलं होतं. झाडं एकाच वयाची होती, फार तर दहा वर्षांची, आणि त्यांच्यामध्ये चार-पाच जुनी, पसरलेली झाडं राखून ठेवलेली. त्या झाडांची नावं मला माहीत नव्हती, पण ती कुणी आणि का राखली हे माहीत होतं. ती दळी होती. कुणाचं तरी शेत विश्रांती घेत होतं, आणि तुम्ही त्याला अस्पर्श रान समजून भोवती रेघ ओढली होती. तुम्ही काच परत उजेडात धरलीत. बराच वेळ. मग माझ्याकडे न बघता विचारलंत, "तुम्हाला काय दिसतं, हेर कोलेगे?"

"जंगल," मी म्हणालो.

तुम्ही काच कापडात गुंडाळलीत आणि मजकूर सांगायला लागलात. 'कोणाचीही वहिवाट आढळून आली नाही.' मी दोन कार्बन लावून ते टाइप केलं. एकही चूक झाली नाही. उन्हाळ्याआधी अर्ज फेटाळल्याचं कळवणारं, तुमचे आभार मानणारं पत्र आलं. माझ्या प्रबंधावर तुमचा उत्तम शेरा आला आणि वर तुम्ही मला तुमचा लोकरीचा ओव्हरकोट दिलात. तो मी दोन हिवाळे वापरला. ऊबदार होता.

परत आल्यावर सहा वर्षांनी मी खातं सोडलं. तेव्हापासून डोंगरातल्या लोकांच्या सभांमध्ये बोलतो आहे. जे सरकार पडीक म्हणतं ते आमचं शेत आहे, हे मी शेकडो वेळा सांगितलं आणि त्यातल्या एकाही शब्दाबद्दल मला शंका नाही. वसाहतवाल्यांनी रेघा ओढल्या आणि आपल्या साहेबांनी त्या गिरवल्या, हे मी मंत्र्यांच्या तोंडावर बोललो आहे. पण प्रत्येक सभेत मी तुमची गोष्टही सांगतो. त्या गोष्टीत मी उठून उभा राहतो, टेबलावर हात आपटतो आणि म्हणतो, प्रोफेसर, हे शेत आहे! लोक टाळ्या वाजवतात. इतक्या वर्षांत मला तो टेबलावरचा आवाज खरोखर ऐकू यायला लागला आहे.

तुम्ही मला का विचारलंत, याचा मी पुष्कळ विचार केला. डोळे तुमचे माझ्याहून तयार होते. कदाचित हे शेत आहे असं कुणीतरी म्हणावं अशी तुमची इच्छा होती. म्हणजे तुम्हाला तेव्हा तरी खरं लिहिता आलं असतं. किंवा मी गप्प राहीन याची खात्री करून घेत होतात. तुमचा दोष तुमच्याकडे राहू द्या. ती गावं मात्र अजून हद्दीच्या बाहेर असतील, आणि त्या कागदाची अक्षरं माझ्या बोटांनी उमटवली आहेत.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुम्हाला जाऊन तीस वर्षं झाली. जर्मन मी अजून बरं लिहितो. तरी मराठीत लिहिलं, कारण चुकूनही तुम्हाला वाचता येऊ नये असं वाटत होतं. आता लिहून झाल्यावर तसं वाटत नाही. प्रोफेसर, मला पुन्हा एकदा विचारा.